मड पंपाचं सील: गळती आधी हवेने शोधा, तेल सगळ्यात शेवटी भरा

सोसायटीच्या बेसमेंटमधला ड्रेनेज पंप किंवा साइटवर पाणी उपसणारा मड पंप बंद पडला की बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. पंप वर काढायचा, खालचं सील बदलायचं, तेल ओतायचं आणि पंप परत खड्ड्यात सोडायचा. थोड्याच दिवसांत मोटारीत पुन्हा पाणी शिरतं, वाइंडिंग जळतं आणि दोष नव्या सीलवर जातो. उघडून पाहिलं तर पाणी केबलच्या ग्लँडमधून (केबल मोटारीत शिरते तिथल्या रबरी बुचातून) आलेलं असतं, किंवा सील कोरडं राहू नये म्हणून कुणीतरी त्याच्या फेसवर (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या सपाट चकत्यांवर) ग्रीस चोपडलेलं असतं. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी गळतीची जागा पंप खोलण्याआधी शोधायची आणि जोडणी झाल्यावर तेल ओतण्याआधी पुन्हा तपासायची.

इथे दिलेली पद्धत तेलाचा चेंबर आणि दोन मेकॅनिकल सील असलेल्या पंपांसाठी आहे. वरचं सील मोटार आणि तेल यांच्यामध्ये असतं, खालचं सील तेल आणि घाण पाणी यांच्यामध्ये. तेल दोन्ही सीलना वंगण देतं, थंड ठेवतं आणि खालचं सील हरलं तर पाण्याला मोटारीपर्यंत पोहोचायला वेळ लावतं.

सावधान: शेतातल्या विहिरीचे आणि बोअरचे बरेचसे सबमर्सिबल पाण्याने भरलेल्या मोटारीचे असतात. त्यांच्या मोटारीत स्वच्छ पाणीच भरायचं असतं, तेल नाही. नेमप्लेट आणि मॅन्युअल पाहून आपला पंप कोणत्या जातीचा आहे याची आधी खात्री करा.

## १. पंप वर काढण्याआधी

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा किंवा एमसीबीला कुलूप लावा. पॅनेलवर "काम चालू आहे" असा कागद चिकटवा. फ्लोट स्विच ऑटोवर असेल तर पाणी चढताच पंप आपोआप सुरू होतो, म्हणून नुसता स्टार्टर बंद करणं पुरेसं नाही. सिंगल फेज पंपाच्या पॅनेलमधला कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय तारांना हात लावू नका.

पंप साखळीने उचला, केबलने कधीच नाही. एकदा जरी केबलवर वजन आलं तरी ग्लँडमधला रबर सरकतो आणि तिथून पाण्याला वाट मिळते. साखळी तुटली असेल तर हुक टाका, दोरीचा फास टाका. पण ड्रेनेजच्या खड्ड्यात माणूस उतरवू नका. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर त्याचा वासही येईनासा होतो आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. गटार आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पंपाची किंमत कितीही असो, त्यासाठी कुणाचा जीव पणाला लावायचा नाही.

केबल पॅनेलमधून सोडवली की तिचं मोकळं टोक लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेपने बांधा. हे टोक ओल्या जमिनीवर किंवा पाण्यात पडलं तर तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी आत ओढलं जातं आणि थेट मोटारीच्या टर्मिनलपर्यंत जाऊ शकतं. सील धडधाकट असूनही मोटारीत पाणी सापडतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

## २. धुणं आणि पहिलं मेगर

पंप बाहेरून स्वच्छ धुवा. प्रेशर वॉशर असेल तर त्याची धार शाफ्ट, ग्लँड आणि केबलच्या जोडावर मारू नका. मग पुसून सुकू द्या. चिखलाच्या थराखाली बुडबुडे दिसत नाहीत, त्यामुळे पुढची चाचणी या धुण्यावरच अवलंबून आहे.

आता ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन मोजा. एक मिनिट धरून आकडा घ्या आणि लिहून ठेवा. केबल पॅनेलपासून सुटी असलीच पाहिजे. थर्मिस्टरच्या (मोटारीचं तापमान ओळखणारा) आणि लीकेज सेन्सरच्या (आत शिरलेलं पाणी ओळखणारा) तारांवर मेगर लावू नका, त्या व्होल्टेजने ते बिघडतात. मोटार नुकतीच चालून गरम असेल तर आकडा कमी येतो. ढोबळ मानाने दर १० अंश तापमानवाढीला इन्सुलेशन निम्मं होतं, म्हणून पंप गार होऊ द्या.

- आकडा दहा-वीस मेगाओहम किंवा जास्त: मोटार कोरडी आहे. काम सीलपुरतं राहील.
- १ मेगाओहमच्या खाली: मोटारीत ओल आहे. वाइंडिंग रिवाइंडिंगच्या दुकानात सुकवून घ्या. पण त्याआधी पुढच्या दोन पायऱ्या कराच, नाहीतर पाणी कुठून शिरलं हे कधीच कळणार नाही.

## ३. तेल काढा आणि नीट पाहा

पंप आडवा ठेवा, ऑइल प्लग वरच्या बाजूला घ्या. प्लगवर कापड धरून तो अर्धा-पाऊण आटाच सैल करा आणि थांबा. चेंबरमध्ये दाब साठलेला असू शकतो. एकदम प्लग काढला तर तेल डोळ्यांत उडतं. फुस्स आवाज थांबला की प्लग पूर्ण काढा, पंप फिरवा आणि तेल पारदर्शक बाटलीत काढा. ते मोजा. किती तेल निघालं हे मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून पाहायचं आहे.

बाटली तासभर न हलवता ठेवा. लोक हा तास वाचवतात, पण पंपाच्या आत काय घडलं ते ही बाटलीच सांगते.

- तेल स्वच्छ, माप बरोबर: दोन्ही सील ठीक आहेत. मेगरचा आकडा कमी असेल तर केबल, ग्लँड किंवा मोटारीच्या ओ-रिंगवर (जोडात बसणाऱ्या गोल रबरी कडीवर) संशय घ्या.
- तळाशी थोडं पाणी, वर स्वच्छ तेल: खालच्या सीलमधून थोडी झिरपण होते आहे. मेकॅनिकल सीलचे फेस एका पातळ द्रवाच्या थरावरच चालतात, त्यामुळे बरेच महिने चाललेल्या पंपात थोडं पाणी सापडणं स्वाभाविक आहे. तेल बदला आणि पुन्हा लवकर तपासा.
- तेल दुधासारखं पांढरं किंवा बरंच पाणी: खालचं सील गेलं आहे, किंवा प्लगची वॉशर गळते आहे. प्लग विसरू नका. पाच रुपयांच्या वॉशरपायी अख्खा सीलचा सेट बदलला जातो.
- तेल स्वच्छ पण माप बरंच कमी: तेल वरच्या सीलमधून मोटारीत गेलं आहे किंवा बाहेर गळालं आहे.
- काळं, जळकट वासाचं तेल: पंप कोरडा चालला आहे. फेस तापून तडकलेले असण्याची शक्यता मोठी.
- तेलात धातूची चमक: शाफ्ट, स्प्रिंग किंवा बेअरिंग घासलं जात आहे. नुसतं सील बदलून हा पंप टिकणार नाही.

वापरलेलं तेल गटारात ओतू नका, डब्यात साठवून भंगार तेल घेणाऱ्याला द्या.

## ४. खोलण्याआधी हवेची चाचणी

सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच पायरी. सामान मात्र साधं आहे. ऑइल प्लगच्या आट्याचं एक ॲडॉप्टर लेथवाल्याकडून करून घ्या. त्यावर छोटा बॉल व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि सायकलच्या पंपाला चालेल असा व्हॉल्व्ह बसवा. गेज ० ते १ बारचा घ्या. दहा बारच्या गेजवर अर्ध्या बारच्या आतला बारीक उतार दिसतच नाही.

सावधान: कॉम्प्रेसरचा पाइप थेट लावू नका. गॅरेजच्या टाकीत सात-आठ बार दाब असतो. तेवढ्या दाबाने सीलचे फेस उघडतात, रबर जागेवरून उडतो आणि बॉडीही फुटू शकते. मॅन्युअलमध्ये चाचणीचा दाब दिला असेल तर तोच पाळा, दिला नसेल तर ०.५ बारच्या, म्हणजे साधारण ७ पीएसआयच्या, वर जाऊ नका. एवढा दाब पाच मीटर पाण्याखालच्या दाबाइतका आहे आणि गळती दाखवायला पुरतो.

मग या क्रमाने जा:

1. चेंबरमध्ये हात-पंपाने ०.५ बार हवा भरा. व्हॉल्व्ह बंद करा. दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या, कारण दाबलेली हवा किंचित गरम होते आणि गार होताना काटा थोडा उतरतो.
2. काटा आता कुठे आहे ते लिहा आणि १० मिनिटं थांबा.
3. तेवढ्या वेळात इम्पेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चकती) हाताने चार-पाच वेळा सावकाश फिरवा. फेसच्या मधे कण अडकला असेल तर तो या फिरवण्याने सुटतो किंवा गळती उघड होते.
4. साबणाचं दाट पाणी ब्रशने इम्पेलरच्या मागे शाफ्टभोवती, चेंबरच्या जोडावर आणि ॲडॉप्टरच्या आट्यांवर लावा. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात फिरवतो तितक्याच सावकाश एकेक जागा बघा.

शाफ्टभोवती बुडबुडे आले तर खालचं सील गळतं आहे. जोडावर आले तर ओ-रिंग. कुठेच बुडबुडा नाही आणि काटा मात्र उतरतो, तर हवा वरच्या सीलमधून मोटारीत जाते आहे. मोटारीच्या बॉडीला तपासणीचा प्लग असेल तर तो काढा आणि भोकावर साबणाचा पातळ पडदा धरा. पडदा फुगला की वरच्या सीलचा दोष पक्का.

नंतर तोच प्लग वापरून मोटारीच्या बाजूला वेगळा ०.५ बार दाब द्या आणि ग्लँड, केबलची साल आणि वरच्या कव्हरचा जोड साबणाने तपासा. केबलच्या मोकळ्या टोकाला एक साधा फुगा ताणून बांधा. तो फुगला तर मोटार आणि केबल यांच्यामधली वाट उघडी आहे. काही पंपांत केबलचा प्रवेश रेझिनने भरलेला असतो, तिथे फुगा फुगणार नाही. पण म्हणून केबलची साल शाबूत आहे असं समजू नका. हातभर-हातभर करत ती बोटांनी चाचपा.

तपासा: तापमानाने काटा फसवतो. उन्हात तापलेला पंप सावलीत आणून चाचणी केली आणि आतली हवा १० अंशांनी गार झाली, तर कुठेही गळती नसताना काटा ०.५ वरून सुमारे ०.४५ वर येतो. पंप आणि हवा एकाच जागी, एकाच तापमानाला येऊ द्या, मग मोजा.

चाचणी संपली की दाब पूर्ण सोडा. काटा शून्यावर आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

## ५. खोलणं आणि जागा तयार करणं

स्ट्रेनर (तळाची जाळी), व्हॉल्यूट (इम्पेलरभोवतीचं कवच), इम्पेलर या क्रमाने खोला. इम्पेलर हातोड्याने ठोकून काढू नका, पुलर वापरा. ठोकल्याने शाफ्ट वाकतो, आणि वाकलेल्या शाफ्टवर कोणतंही सील टिकत नाही. प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढत जा, विशेषतः स्प्रिंगची दिशा आणि सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या धातूच्या कडीची) जागा.

जुनं सील निघालं की शाफ्ट पुसा आणि त्यावरून नख आडवं फिरवा. नखाला खाच लागली तर शाफ्ट लेथवर दुरुस्त करून घ्या किंवा स्लीव्ह बदला. नुसता गंज किंवा डाग असेल तर बारीक वॉटर पेपरने गोलाकार घासा. लांबीच्या दिशेने घासलात तर ओरखड्यांच्या रेघा तेलाला बाहेर जायची वाट करून देतात.

शाफ्टची पायरी, चावीचा खाचा, आट्यांची टोकं, या सगळ्या धारदार कडांवर पातळ टेप किंवा प्लॅस्टिक गुंडाळा. सीलचा फिरता भाग शाफ्टला धरून ठेवणारा रबराचा बेलो या कडांवरून सरकताना कापला जातो, आणि तो काप बाहेरून दिसतही नाही.

जुना फेस एमरी पेपरवर घासून पुन्हा वापरायचा मोह होतो. करू नका. हे फेस मायक्रॉनच्या आतल्या सपाटीला लॅप केलेले (बारीक घासून सपाट केलेले) असतात, काचेवर ठेवलेल्या पेपरने ती सपाटी परत येत नाही. जुना कार्बन आणि नवा सिरॅमिक अशी जोडीही लावू नका. दोन्ही फेस एकाच सेटचे हवेत.

ओ-रिंग प्रत्येक वेळी नवीन घाला. दोरीच्या आकाराचा रबर कापून झटपट गोंदाने चिकटवलेली ओ-रिंग बाजारात सर्रास करून देतात. जोडाच्या जागी ती कडक होते आणि तिथूनच गळते. आतला व्यास आणि रबराची जाडी, दोन्ही मापं देऊन अखंड रिंग घ्या. तिच्यावर शेलॅक, सिलिकॉन किंवा एम-सील थापण्याची गरज नसते. त्या थराने ओ-रिंग खाचेत नीट बसतच नाही.

## ६. वंगण: कुठे काय लावायचं

सगळीकडे एकच ग्रीस लावलं की काम बिघडलं. जागेनुसार वंगण बदलतं.

सीलचे फेस: ग्रीस अजिबात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, बोटांचे ठसे राहू देऊ नका. नंतर चेंबरमध्ये भरणार असलेल्या तेलाचा एक थेंब चालतो. ग्रीस फेसच्या मधे जाड थर करतं, धुळीचे कण धरून ठेवतं आणि फेस एकमेकांवर बसू देत नाही.

शाफ्टवर चढणारा रबराचा बेलो: वंगण फक्त सरकवण्यापुरतं. बेलो शाफ्टला घट्ट धरतो म्हणूनच सील शाफ्टबरोबर फिरतं. खाली ग्रीस राहिलं तर बेलो घसरतो, शाफ्टला घासतो आणि स्वतः झिजतो. नायट्रिल रबर असेल तर पातळ तेलाचा हात चालतो. ईपीडीएम रबराला मात्र खनिज तेल लागता कामा नये, तो फुगतो. रबर कोणता ते माहीत नसेल तर साबणाचं सौम्य पाणी वापरा, ते दोन्हींना चालतं.

ओ-रिंग: सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. रिंग चमकली पाहिजे, ग्रीसचे गोळे दिसता कामा नयेत. (रिंग सिलिकॉन रबराचीच असेल तर सिलिकॉन ग्रीस टाळा.) रिंग घालताना पीळ पडू देऊ नका.

ऑइल सील, असेल तर: ओठावर आणि दोन ओठांच्या मधल्या पोकळीत साधारण एक तृतीयांश ग्रीस. स्प्रिंगची बाजू ज्या द्रवाला अडवायचं आहे त्याच्याकडे. उलटं बसवलेलं ऑइल सील पहिल्या दिवसापासून गळतं.

बेअरिंग: दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला बाहेरून ग्रीस लावून काही उपयोग नाही. आवाज करत असेल तर बदला.

## ७. सील बसवणं

स्थिर फेस त्याच्या खाचेत दोन्ही अंगठ्यांनी समान दाबाने बसवा. हात पोहोचत नसेल तर योग्य मापाचा पीव्हीसी पाइप घ्या आणि फेसवर स्वच्छ पुठ्ठा ठेवून दाबा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबलं की सिरॅमिकचा टवका उडालाच म्हणून समजा. बसल्यावर बाजूने पाहा, फेस तिरका दिसता कामा नये.

फिरता भाग एका दमात जागेवर न्या. बेलो सुकायला लागला की शाफ्टला चिकटतो आणि मग मधेच अडकून स्प्रिंगची लांबी चुकते. म्हणून सगळे भाग क्रमाने मांडून ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका, मधे फोन घेऊ नका. शंकूच्या आकाराची स्प्रिंग असेल तर ती उजव्या किंवा डाव्या फिरण्यासाठीच बनलेली असते, फोटोशी जुळवा.

वरचं सील आधी, खालचं नंतर. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

तपासा: इम्पेलर हाताने फिरवा. सारखा, किंचित जड फिरला पाहिजे. एका जागी अडकला किंवा करकरला तर तिथेच थांबा आणि खोला. मोटार लावून "बसेल आपोआप" म्हणू नका.

## ८. पुन्हा हवा, मगच तेल

चौथ्या पायरीची चाचणी आता तशीच्या तशी करा. तेल भरल्यावर बारीक गळती काही काळ झाकली जाते, म्हणून कोरड्या चेंबरवर केलेली ही चाचणी अधिक विश्वासाची. ओ-रिंगच्या आणि प्लगच्या जागी एकही बुडबुडा चालणार नाही. साबणाचं पाणी नंतर धुऊन, पुसून टाका.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, लिहिलेल्या मापाने. बऱ्याच पंपांना आयएसओ व्हीजी ३२ (तेलाच्या जाडीची श्रेणी) च्या आसपासचं पातळ खनिज तेल लागतं, काहींना त्याहून पातळ. इंजिन ऑइल नको, त्यातली डिटर्जंट द्रव्यं पाण्याला तेलात मिसळून ठेवतात आणि पुढच्या वेळी बाटलीतली परीक्षा निरुपयोगी ठरते. जाड गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, डिझेल, यातलं काहीही नको.

चेंबर काठोकाठ भरू नका. तेल ४० अंशांनी तापलं की एका लिटरमागे २५ ते ३० मिलिलिटर वाढतं. वर हवेची जागा नसेल तर ते सीलवरच दाब टाकतं. प्लगला नवी वॉशर घाला. वॉशर किंवा ओ-रिंग असलेल्या प्लगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे चेंबरमध्ये सुटून फेसमध्ये जातात.

## ९. पाण्यात बुडवून

पंप स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये किंवा टाकीत पूर्ण बुडवा, केबलचं टोक बाहेर आणि कोरडं. पहिली काही मिनिटं बॉडीच्या खाचांतली हवा निघते, ते बुडबुडे मोजू नका. त्यानंतर एकाच जागेवरून सतत बुडबुडे किंवा तेलाचा तवंग आला तर ती जागा खूण करून पंप बाहेर काढा.

रात्रभर बुडवून सकाळी मेगर घ्या आणि बुडवण्याआधीच्या आकड्याशी ताडून पाहा. किंचित फरक चालतो. आकडा निम्म्याच्याही खाली आला तर पंप खड्ड्यात सोडू नका. ही एक रात्र थांबायला सोसायटी किंवा साइट इंजिनिअर तयार नसतात, पण त्यांना समजावून सांगा. आज एक रात्र वाट पाहिली नाही तर पुढे वाइंडिंगसाठी आठवडा जाईल.

थ्री फेज पंप जोडताना फिरण्याची दिशा बॉडीवरच्या बाणाशी जुळवा. उलट्या दिशेने पाणी कमी येतं, इम्पेलरचा बोल्ट सुटू शकतो आणि एका दिशेच्या स्प्रिंगचं सील खराब होतं. लीकेज सेन्सर असेल तर त्याच्या तारा पॅनेलला खरोखर जोडल्या आहेत का पाहा. खूप ठिकाणी त्या गुंडाळून टेप मारलेल्या सापडतात.

## १०. चालू केल्यानंतर

फ्लोट स्विचची उंची अशी ठेवा की पाणी पंपाच्या किमान पातळीखाली जाण्याआधी मोटार बंद होईल. पंप हवा ओढू लागला की खालच्या सीलचं बाहेरून होणारं थंडावणं थांबतं.

नवीन सीलच्या पंपाचं तेल साधारण आठवडाभर चालल्यावर एकदा काढून बाटलीत पाहा. दोन-चार थेंब पाणी असेल तर फेस बसताना ते आलेलं असतं, तेल बदलून पंप चालू ठेवा. पुन्हा आठवड्याने पाहा. तेव्हाही तितकंच किंवा जास्त पाणी दिसलं तर सीलवर लक्ष ठेवत बसू नका, पंप काढा आणि चौथ्या पायरीपासून सुरुवात करा. तारीख, मेगरचा आकडा आणि तेलाचं माप पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे पुढचा फिटर वेगळा असला तरी त्याला तुलना करता येईल.